बूच कुठं बांधायचं?

उजनी धरणाच्या काठावर भिगवणच्या बाजूला दोघं शेजारी गळ टाकून बसतात. एकाची पिशवी भरत जाते, दुसऱ्याचं आमिष नुसतं भिजत राहतं. गळ तोच, कणीक तीच. बघणारे म्हणतात, हातगुण आहे. मला वाटतं, बहुतेक वेळा फरक असतो तो दोऱ्यावर तरंगणारं बूच कुठं बांधलंय याचा, म्हणजे गळ पाण्यात किती खोल लोंबतोय याचा.

मासा कुठं चरतो हे त्याच्या तोंडावरून कळतं. मासळीबाजारात कटला, रोहू आणि मृगळ शेजारी ठेवलेले दिसले तर जरा वाकून बघा. कटल्याचा खालचा जबडा पुढं आलेला असतो, तोंड वर उघडतं आणि कल्ल्यांत दाट चाळणी असते. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव तो गाळून खातो, त्यामुळे तो वरच्या थरात फिरतो. त्याला गांडूळ दाखवून फारसा उपयोग नाही. शेंगदाण्याची पेंड बारीक कुटून कणकेत सैलसर मळायची. गोळा पाण्यात हळूहळू सुटला पाहिजे, त्याचा ढग झाला पाहिजे आणि गळ त्या ढगात असला पाहिजे. रोहूच्या ओठाला झालर असते. शेवाळ, कुजकी पानं खरवडत तो मधल्या पाण्यात, पाणवनस्पतींच्या आसपास राहतो. मृगळाचं तोंड खालच्या बाजूला उघडतं. तो तळ चाळतो. त्याच्यासाठी आमिष तळाला टेकलंच पाहिजे.

हे तिन्ही मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. साठलेल्या पाण्यात ते सहसा अंडी घालत नाहीत. 1957 साली ओडिशात हिरालाल चौधुरी यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचं प्रजनन घडवून आणलं, आणि धरणाधरणांत मत्स्यबीज सोडणं सोपं झालं.

आता तळ किती खोल आहे ते कसं कळणार? मोजून. गळाला जड शिसं अडकवा आणि टाका. बूच बुडालं तर दोरा कमी पडतोय, बूच वर सरकवा. आडवं पडलं तर दोरा जास्त झालाय, थोडं खाली घ्या. बुचाचं टोक जेमतेम पाण्याबाहेर राहिलं की खोली सापडली. पाच मिनिटांचं काम आहे, पण बहुतेक जण ते करत नाहीत. मग जड शिसं काढून हलकं लावा, तेही तळाला टेकेल इतपत. तळावरच्या माशानं आमिषासकट शिसं उचललं की बुचावरचा भार जातो. बूच बुडायच्या ऐवजी वर उठतं आणि आडवं होतं. नवखा माणूस बूच बुडायची वाट बघत बसतो आणि मासा आमिष थुंकून निघून जातो.

पण तळ सापडला म्हणजे मासा सापडला असं नाही. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. समुद्रसपाटीला 20 अंश सेल्सियसच्या एक लिटर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम विरघळतो, 30 अंशांना साडेसातच्या आसपास. उन्हाळ्यात वरचं पाणी गरम आणि हलकं होतं, खालचं थंड पाणी त्यात मिसळत नाही. तळाशी कुजणारा गाळ तिथला प्राणवायू संपवतो. एप्रिल-मे महिन्यांत खोल डोहात तळाला टाकलेला गळ म्हणूनच तासन्‌तास हलत नाही. बूच खाली आणा, गळ उथळ करा. थंडीत रात्री वरचं पाणी गार होऊन खाली बसतं, पाणी ढवळलं जातं आणि तळ पुन्हा जिवंत होतो. मात्र गारठ्यात माशाचं पचन मंदावतं, त्यामुळे डिसेंबरात दुपारचं ऊनच बरं.

पहाटेच मासा लागतो, असं सगळे सांगतात. स्वच्छ पाण्यात ते खरं आहे. पण शेवाळानं हिरवं झालेल्या पाण्यात रात्रभर शेवाळही श्वास घेतं आणि पहाटे प्राणवायू सगळ्यात कमी असतो. मासे पृष्ठभागावर तोंड उघडझाप करताना दिसले तर गळ गुंडाळा. ऊन चांगलं वर आल्यावर टाका. आणि बसायचं ते वारा तोंडावर येईल अशा काठाला. वाऱ्यानं वरचं पाणी आणि त्यातलं सूक्ष्म अन्न त्याच बाजूला ढकललं जातं.

काठावर गप्पा मारायला हरकत नाही. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरूनच जवळजवळ सगळा परत फिरतो. पावलांचं मात्र तसं नाही. जमिनीतून गेलेला धक्का पाण्यात सेकंदाला सुमारे 1,480 मीटर वेगानं पोचतो, आणि रोहू-कटल्याच्या शरीरात हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते, ती हा धक्का नेमका टिपते. बादली आपटू नका. उभंही राहू नका: माशाला बाहेरचं जग डोक्यावरच्या सुमारे 97 अंशांच्या गोल खिडकीतून दिसतं. बसलेला माणूस त्या खिडकीच्या कडेला चेपून जातो, उभा असलेला स्पष्ट दिसतो.

उन्हाळ्यात पाणी ओसरून पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, गाळपेर जमिनी दिसू लागतात, तेव्हा गळ न घेता एकदा चालून या. जुने बांध, विहिरी, ओढ्यांची पात्रं कुठं आहेत ते वहीत काढून ठेवा. पाणी चढल्यावर मासे याच कडांना धरून फिरतात. जलाशयातली मासेमारी ठेक्यानं आणि परवान्यानं चालते, तेव्हा चौकशी आधी करा.

मरळ या माशाची गोष्ट वेगळी. ती हवा घ्यायला वर येते, त्यामुळे बुचाचा हिशोब तिला लागू नाही. पाणवनस्पतींतून रबरी बेडूक ओढत नेला की ती खालून झडप घालते; अमेरिकेतल्या तळ्यांत बास माशाला फसवतात तो हाच बेडूक. पावसाळ्यात मात्र पृष्ठभागावर नारिंगी पिल्लांचा घोळका एकदम वर येताना आणि बुडताना दिसेल. त्याच्या बरोबर खाली आईबाप राखणीला असतात आणि जवळ येईल त्यावर धावून जातात, गळावरही. ते काढले की पिल्लं बाकीच्या माशांच्या पोटात जातात. असा घोळका दिसला की मी दोरा गुंडाळतो आणि दुसऱ्या काठाला जातो.