खोक्यावरचे लिटर आणि नळीतले लिटर

फिशटँकचे पाणी बदलण्यासाठी पंप घ्यायला निघालेला माणूस, मग तो क्रॉफर्ड मार्केटमधल्या दुकानात उभा असो की मोबाइलवर शोधत असो, सर्वांत आधी खोक्यावरचा ‘लिटर प्रतितास’ हा आकडा पाहतो आणि ज्याचा आकडा मोठा तो पंप चांगला असे धरून चालतो. त्याच खोक्यावर ‘एच-मॅक्स’ या नावाने आणखी एक आकडा मीटरमध्ये छापलेला असतो. त्याकडे लक्ष गेलेच, तर १,००० लिटर आणि २ मीटर यांचा अर्थ ‘हा पंप २ मीटर उंचीवर ताशी १,००० लिटर पाणी चढवतो’ असा लावला जातो. हा अर्थ साफ चुकीचा आहे. ताशी १,००० लिटर पाणी मिळते ते चढवण्याची उंची शून्य असताना, आणि २ मीटर उंची गाठली जाते ती प्रवाह शून्यावर आलेला असताना; त्यामुळे हे दोन आकडे एकाच वेळी कधीच खरे नसतात.

मुळात टाकीतले पाणी बाहेर काढण्यासाठी पंपाची गरज बहुधा नसते. टाकी स्टँडवर आणि बादली जमिनीवर असेल, तर साधी सायफनची नळी पुरते. पाण्याच्या पातळीत १ मीटरचा फरक आणि १२ मिलिमीटर आतील व्यासाची ५ मीटर लांब नळी धरली, तरी मिनिटाला सुमारे ९ लिटर पाणी वाहते आणि तळाच्या खडीतली घाणही त्याबरोबर निघून जाते. पंप लागतो तो नवे पाणी बादलीतून वर टाकीत चढवताना, आणि निवड करायची ती याच कामासाठी.

आता हे दोन आकडे येतात कुठून ते पाहू, कारण या छोट्या पंपाइतके सुबक यंत्र घरात दुसरे क्वचितच असेल. त्याच्या आत मोटरचा फिरणारा भाग म्हणजे एक चुंबक असते आणि त्यालाच पात्यांचे चक्र, म्हणजे इम्पेलर, जोडलेले असते. तारेची गुंडाळी रेझिनमध्ये पूर्ण बंद केलेली असते; चुंबक मात्र पाण्यातच फिरते आणि त्याच्या बेअरिंगला वंगण आणि गारवा दोन्ही ते पाणीच पुरवते. म्हणूनच असा पंप कोरडा चालवला की खराब होतो. विजेचा प्रवाह सेकंदाला ५० वेळा आवर्तन पूर्ण करतो आणि चुंबक त्याच्याशी पाऊल मिळवून सेकंदाला ५० फेरे, म्हणजे मिनिटाला ३,००० फेरे घेते. व्होल्टेज थोडे कमी झाले म्हणून हा वेग कमी होत नाही. फारच कमी झाले, तर चुंबकाचे पाऊल चुकते आणि ते जागीच थरथरत राहते. चालू करताना ते डावीकडे फिरेल की उजवीकडे हेही ठरलेले नसते, आणि म्हणून अशा पंपांची पाती सहसा वक्र न करता सरळ ठेवतात.

चहाच्या पेल्यात चमचा जोरात फिरवला की मध्यभागी चहा खाली जातो आणि कडेला वर चढतो. इम्पेलरमध्ये नेमके हेच घडते, फक्त ‘कडेला वर चढण्याची’ ही प्रवृत्ती पंपाच्या बंद कप्प्यात दाबाच्या रूपाने प्रकट होते. इम्पेलरबरोबर फिरणाऱ्या पाण्याचा कडेचा वेग ‘व’ असेल, तर केंद्र आणि कड यांच्यातल्या दाबाचा फरक ‘व’चा वर्ग भागिले दोन ‘ग’ इतक्या उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढा असतो. येथे ‘ग’ म्हणजे गुरुत्वीय त्वरण. इम्पेलरचा व्यास ४० मिलिमीटर धरला, तर कडेचा वेग सेकंदाला ६.२८ मीटर येतो आणि उंची सुमारे २ मीटर. व्यास ३० मिलिमीटर असेल, तर उंची जेमतेम १.१ मीटर. प्रत्यक्षातला आकडा रचनेनुसार थोडा इकडेतिकडे होतो. पण फेऱ्यांची संख्या ठरलेली असल्यामुळे एच-मॅक्स प्रामुख्याने इम्पेलरचा व्यासच ठरवतो. जिथे विजेची वारंवारता ६० हर्ट्झ असते, तिथे हाच इम्पेलर ३,६०० फेरे घेईल आणि उंची १.४४ पट होईल. तेव्हा खोक्यावरचे आकडे ६० हर्ट्झसाठीचे असतील, तर ते आपल्याकडे लागू पडत नाहीत.

नळीतला पाण्याचा स्तंभ या उंचीला पोचला की पंप फिरत राहतो, पण पाणी हलत नाही. स्तंभ त्यापेक्षा कमी उंच असेल, तर उरलेला दाब पाणी पुढे ढकलण्यात खर्च होतो; त्यातला काही पंपाच्या आतल्या खळबळीत जातो आणि काही नळीच्या घर्षणात.

समजा, टाकीची वरची कड जमिनीपासून १.२ मीटरवर आहे, हातात २ मीटर आणि १,००० लिटरचा पंप आहे आणि नळी ३ मीटर लांब आहे. पंपाचा उंची-प्रवाहाचा आलेख परवलयासारखा मानून ढोबळ गणित केले, तर पाण्याची पातळी बादलीच्या तळाशी असताना १२ मिलिमीटरच्या नळीतून ताशी सुमारे ४४० लिटर आणि १६ मिलिमीटरच्या नळीतून सुमारे ५६० लिटर पाणी मिळते. छापील आकड्याच्या अर्ध्याच्या आसपास पाणी येणे हा पंपाचा दोष नव्हे. आणि पाणी चढवण्याचे खरे काम पाहिले, तर ५६० लिटरला ते २ वॅटसुद्धा भरत नाही. पंप १८ ते २० वॅट घेत असेल, तर बाकी सारे उष्णता होऊन पाण्यातच मिसळते. त्यामुळे वॅटचा मोठा आकडाही ताकदीचे प्रमाणपत्र समजू नये.

नळीच्या व्यासाने एवढा फरक पडतो, कारण खळाळत्या प्रवाहात घर्षणाने जाणारी उंची व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. तेवढेच पाणी निम्म्या व्यासाच्या नळीतून न्यायचे, तर घर्षण ३२ पट होते. बारीक नळी लावून ‘प्रेशर वाढवले’ असे सांगणारा विक्रेता धारेचा वेग दाखवत असतो; त्या धारेत पाणी कमी झालेले असते हे तो सांगत नाही.

एच-मॅक्स नेमका १.२ मीटर असलेला पंप स्वस्तात मिळतो आणि फसवतो. भरलेल्या बादलीतले पाणी जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर असते, म्हणून सुरुवातीला चढण ९० सेंटिमीटरचीच असते आणि पाणी व्यवस्थित येते. पातळी उतरू लागली की धार मंदावते आणि तळाशी पाणी शिल्लक असतानाच थांबते. माझ्या मते, प्रत्यक्ष चढणीच्या दीडपटीहून कमी एच-मॅक्स घेऊ नये. घरगुती टाकीसाठी ताशी लिटरचा आकडा दुय्यम आहे. तीन फुटी टाकीत १५० लिटर पाणी धरले, तर आठवड्याला त्याचा तिसरा हिस्सा बदलायचा म्हणजे ५० लिटर, आणि ते ५६० लिटरच्या वेगाने साडेपाच मिनिटांत चढते. याहून घाई केल्यास खडी उसळते, एवढेच.

घाई टाळण्याचे आणखी एक कारण आहे. नळाच्या पाण्यातला क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना इजा करतो. म्हणून बादलीतच क्लोरीनविरोधी थेंब घालून आणि तापमान जुळवूनच पाणी चढवायला हवे. पाणी बदलल्यावर मासा मेला की ‘घरावरचे संकट त्याने स्वतःवर घेतले’ असे म्हणण्याची रीत अनेक घरांत आहे. त्या संकटाचा शोध बहुतेक वेळा बादलीतच घ्यावा लागतो.

नळीचे वरचे टोक मात्र पाण्यात बुडू देऊ नये. इम्पेलरच्या फटींतून पाणी उलट दिशेनेही सहज जाते. त्यामुळे पंप बंद करताच तीच नळी सायफन होते आणि टाकीतले पाणी बादलीत, तिथून फरशीवर येऊ लागते. टोक पाण्याच्या पातळीच्या वर चिमट्याने पक्के करावे. पंपाची वायर सॉकेटच्या खाली लोंबती ठेवून मग वर न्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी खालीच ठिबकेल. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच वीज तोडणारा स्विच, घरात बसवलेला असला, तरी पाण्यात हात घालण्यापूर्वी प्लग काढावा.