वर्कहाउसच्या कायद्यामागचा घोळ

इंग्लंडचा १६०१ चा गरीब कायदा, म्हणजे प्रत्येक पॅरिशने (एका चर्चच्या हद्दीतला स्थानिक विभाग) आपापले गरीब सांभाळायचे वगैरे, हे बहुतेकांना माहीत असतं म्हणून थेट १७९५ वर येतो. त्या वर्षी इंग्लंडमध्ये गहू भयंकर महागला होता आणि बर्कशायरमधल्या स्पीनहॅमलंडला स्थानिक मॅजिस्ट्रेटनी ठरवलं की मजुरी पुरत नसेल तर पावाचा भाव आणि घरातली खाणारी तोंडं बघून वरचे पैसे पॅरिशच्या करातून द्यायचे. दक्षिणेत बऱ्याच गावांत कमीजास्त फरकाने हेच चालू झालं. पुढे नेपोलियनची लढाई संपली, सैनिक घरी परतले, शेतमालाचे भाव पडले आणि कर भरणारे ओरडायला लागले.

१८३२ ला गरीब कायद्याच्या चौकशीसाठी सरकारी आयोग बसला. त्यांचं म्हणणं, पॅरिशचा हा वरचा भत्ता मिळतो म्हणूनच मालक मजुरी कमी देतात आणि मजूर आळशी होतात. प्रश्नावलीला उत्तरं आली साधारण दहातल्या एका पॅरिशकडून, आणि रिपोर्ट उभा राहिला मुख्यतः निवडक किश्शांवर. १९६० च्या दशकात तीच माहिती कोणीतरी नीट तपासली तेव्हा उलटंच दिसलं, गव्हाच्या पट्ट्यात हिवाळ्यात कामच नसायचं, मजुरी आधीच तुटपुंजी, म्हणून भत्ता. थंडी वाजली म्हणून घोंगडी घेतली तर घोंगडीमुळेच थंडी आली म्हणायचं, तसलं हे. वाद अजून मिटलेला नाही, पण मला आयोगाची बाजू लंगडीच वाटते.

तरी १८३४ चा कायदा झाला तो त्याच रिपोर्टवर. धडधाकट माणसाला मदत हवी तर त्याने वर्कहाउसमध्ये, म्हणजे गरिबांना ठेवून काम करून घेणाऱ्या सरकारी घरात यावं, आणि आतलं जगणं बाहेरच्या सगळ्यात गरीब मजुरापेक्षा वाईट असावं. आता बाहेरचाच अर्धपोटी, त्याहून कमी काय वाढणार? मग नवरा-बायको वेगळे, पोरं वेगळी, युनिफॉर्म, दगड फोडणं, जुने दोर उसवणं. १८४५ ला अँडोव्हर गावच्या वर्कहाउसमध्ये खतासाठी कुटायला दिलेली हाडं लोक भुकेपोटी चोखत होते हे बाहेर आलं आणि दोन वर्षांत हा कायदा राबवणारी वरची यंत्रणाच बदलावी लागली.

एवढं करून घरबसल्या मदत बंद झालीच नाही. शतकाच्या मध्याला मदत घेणाऱ्या दहांतले आठहून जास्त वर्कहाउसच्या बाहेरच होते. उत्तरेत गिरण्या थंडावल्या की हजारो एकदम बेकार, त्यांना कोंबणार कुठे? तिथल्या टॉडमॉर्डन गावाने तर १८७० च्या दशकापर्यंत वर्कहाउस बांधलंच नाही. आणि नेमकी त्याच दशकात म्हाताऱ्यांच्या, विधवांच्या घरपोच मदतीला जोरात कात्री लागली.

आपल्याकडेही १८७७ च्या दुष्काळात मुंबई इलाख्यात हाच विचार दिसतो, मदत हवी तर घरापासून लांब कामावर या, तिथेच राहा, मजुरी जेमतेम धान्यापुरती. लोक कामं सोडून गेले.

तिकडे १९०८ ला सत्तरीपुढच्यांना पेन्शन मंजूर झालं, आठवड्याला जास्तीत जास्त ५ शिलिंग, पोस्टातून. पण त्या वर्षी ज्यांनी गरीब कायद्याची मदत घेतली होती त्यांना सुरुवातीची दोन वर्षं तेही नाही.