रक्तस्राव डोक्यात झाला, मग फाइलमध्ये हार्टचा रिपोर्ट कसा?

नमस्कार. परळला आमची छोटी होम नर्सिंग सर्व्हिस आहे, ब्रेन हॅमरेजचा पेशंट डिस्चार्ज होऊन घरी आला की आम्ही सिस्टर पाठवतो आणि पहिल्याच दिवशी घरचे फाइल पुढे करून विचारतात, सिस्टर, हॅमरेज डोक्यात झालं ना, मग हा टूडी इको कशाला, पंपिंग ३५ टक्के लिहिलंय, दुसऱ्याचा रिपोर्ट तर नाही ना लागला?

नाही, तुमच्याच माणसाचा आहे. टूडी इको म्हणजे हार्टची सोनोग्राफी, आणि पंपिंग म्हणजे हार्ट एका ठोक्याला आतलं किती रक्त बाहेर ढकलतं ते.

मेंदूच्या रक्तवाहिनीवरचा फुगा, म्हणजे ॲन्युरिझम, फुटला की रक्त मेंदूभोवती पसरतं आणि त्या धक्क्याने शरीरात ॲड्रेनलिनचा असा लोंढा सुटतो की हार्टच्या स्नायूला तो झेपत नाही. हार्टच्या नळ्या बहुतेक वेळा मोकळ्याच असतात, पण स्नायू बधिर पडतो. काही जणांत डाव्या कप्प्याचं टोक फुगून बसतं आणि वरचा भाग तेवढा जोरात आवळत राहतो. जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये ह्या आकाराला ताकोत्सुबो नाव दिलं, म्हणजे ऑक्टोपस पकडायचं मडकं, अरुंद तोंडाचं नि गोल पोटाचं. घरात कोणी अचानक गेलं की बायकांना, जास्त करून पाळी गेलेल्या बायकांना, असंच होऊ शकतं, आपण म्हणतो ना धसका घेतला, तो धसका इकोवर खरंच दिसतो.

काळजीची गोष्ट पुढे आहे. ह्यात ईसीजी बिघडतो, हार्टच्या स्नायूला इजा झाल्याचं दाखवणारं रक्तातलं ट्रोपोनिन वाढतं, म्हणजे कागदावर सगळं हार्ट अटॅकसारखंच, आणि अटॅक समजून रक्त पातळ करायची औषधं दिली तर डोक्यातला रक्तस्राव वाढू शकतो. म्हणून कधीही असं झालं की एका क्षणात डोकं फुटेल इतकं दुखलं, उलटी झाली, मान आखडली किंवा माणूस बेशुद्ध पडला, तर ऊन लागलं, ॲसिडिटी झाली म्हणत बाम चोळत बसू नका, घरातली ॲस्पिरिन देऊ नका, १०८ लावा आणि कॅज्युअल्टीत सगळ्यात आधी डोक्याचं सांगा, छातीचं नंतर. सीटी स्कॅनची आठवण तुम्हीच करून द्या, त्यात संकोच कसला.

घरी आल्यावर बहुतेकांचं पंपिंग काही आठवड्यांत सुधारतं, म्हणून डॉक्टरांनी दिलेली इकोची तारीख चुकवू नका. फुगा फुटून झालेल्या रक्तस्रावानंतर देतात ती गोळी, निमोडिपिन, बहुतेकदा २१ दिवस असते, दर ४ तासांनी, रात्रीसुद्धा, मोबाईलला अलार्म लावा, तिने बीपी उतरू शकतं म्हणून आमची सिस्टर बीपी वहीत लिहून ठेवते, कमी आलं तर डॉक्टरांना फोन, गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. आडवं झाल्यावर दम लागला, पाय सुजले, छाती धडधडली तर सकाळची वाट बघू नका.

आणि एक, आदल्या दिवशी आमचं भांडण झालं म्हणून त्यांचं हार्ट गेलं असं बरेच जण रडत सांगतात, तर मनाला लावून घेऊ नका, हार्टला धक्का बसला तो डोक्यातल्या रक्तस्रावामुळे. जुना ईसीजी सापडला तर तो त्याच फाइलमध्ये लावून ठेवा.