जादूघर, अजब बंगला आणि राणीचा बाग

मुंबईला पाहुणे आले की त्यांना काय काय दाखवायचं, याची यादी आपल्याकडे ठरलेली असते. गेटवे, म्हातारीचा बूट, राणीचा बाग आणि म्युझियम. कोकणातून, घाटावरून येणाऱ्या शाळांच्या सहलीही याच वाटेने जातात. कोलकात्याला गेलेला माणूस चौरंगीवरचं जादूघर, म्हणजे तिथलं संग्रहालय, पाहिल्याशिवाय परतत नाही, हैदराबादला गेलेला सालारजंग म्युझियम चुकवत नाही. आपल्याच गावातल्या संग्रहालयात वर्षानुवर्षं पाऊल न टाकणारी माणसंसुद्धा परगावी गेली की तिकिटाच्या रांगेत उभी राहतात. मला या सवयीचं फार अप्रूप वाटतं. ती लागली कशी, हे शोधायला दोनशे वर्षं मागे जावं लागतं.

नॅथॅनियल वॉलिच हा डेन्मार्कचा डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्रज्ञ. कोलकात्याजवळच्या श्रीरामपूरला डॅनिश लोकांची वसाहत होती, तिथे तो नोकरीला होता. इंग्रजांनी ती वसाहत घेतली तेव्हा तो युद्धकैदी झाला, पुढे त्याच्या विद्वत्तेमुळेच सुटला. फेब्रुवारी १८१४ मध्ये त्याने कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटी या विद्वानांच्या संस्थेला पत्र लिहिलं की, एक संग्रहालय सुरू करा, माझ्याकडच्या वस्तू मी देतो आणि सांभाळायचं कामही बघतो. सोसायटीने ते मान्य केलं आणि भारतातलं पहिलं संग्रहालय उभं राहिलं. चौरंगीवरची आजची इमारत लोकांसाठी उघडली ती १८७८ मध्ये. भारहूतच्या स्तूपाचे दगडी कठडे, इजिप्तची ममी, जनावरांचे सांगाडे, उल्का असं सगळं तिथे एका छपराखाली आलं.

कागदोपत्री नाव 'इंडियन म्युझियम' असलं तरी लोकांनी त्याला 'जादूघर' म्हटलं. लाहोरात 'अजायबघर' झालं. नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय १८६३ सालचं, पण नागपूरकर आजही रिक्षावाल्याला 'अजब बंगला' म्हणूनच सांगतात. मद्रासची गंमत तर आणखी निराळी. तिथलं संग्रहालय १८५१ मध्ये एका कॉलेजच्या इमारतीत सुरू झालं आणि थोड्याच वर्षांत त्याच्या आवारात प्राणिसंग्रहालयही आलं. लोकांनी पेंढा भरलेल्या प्राण्यांच्या जागेला 'मेलेलं कॉलेज' म्हटलं आणि पिंजऱ्यातल्या प्राण्यांच्या जागेला 'जिवंत कॉलेज'. ही नावं कुठल्या साहेबाने ठेवली नाहीत. गाडीतून, बैलगाडीतून, पायी आलेल्या लोकांनी ठेवली.

साहेबांच्या मनात वेगळंच होतं. १८५१ मध्ये लंडनला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं आणि १८५५ मध्ये पॅरिसला. त्यासाठी हिंदुस्थानातून नमुने मागवले गेले. कापूस, रंग, लाकूड, खनिजं, भांडी, विणकाम. कुठे काय पिकतं, काय बनतं आणि कशाचा व्यापार होऊ शकतो, याची ती जिवंत यादीच होती. मुंबईत पॅरिससाठी माल गोळा करताना त्यातल्या वस्तूंची एक जोडी इथेच ठेवायची असं ठरलं. फोर्टातल्या टाउन बॅरॅक्समध्ये त्यांची मांडणी झाली. जॉर्ज बुइस्ट पहिला क्युरेटर, म्हणजे संग्रह सांभाळणारा. लोकांना ते दालन खुलं झालं आणि लगेच १८५७ चा उठाव पेटला. बॅरॅक्स सैनिकांना हवी झाली. वस्तू घाईघाईने हलवल्या गेल्या, त्यात कितीतरी फुटल्या, हरवल्या.

माझ्या मते मुंबईच्या संग्रहालयाचा खरा इतिहास या मोडतोडीनंतर सुरू होतो. नवा क्युरेटर जॉर्ज बर्डवुड उरलेलं सामान सावरत होता आणि त्याच्या जोडीला शहरातली आपली माणसं उभी राहिली. नाना शंकरशेट होते. डॉ. भाऊ दाजी लाड होते. भाऊ दाजी मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर. दवाखाना सांभाळून अजिंठ्याचे शिलालेख वाचणारा हा माणूस होता. त्यांनी संग्रहालयासाठी खटपट केली, वर्गणी जमवली. सरकारी खजिन्याबरोबर शहरातल्या धनिकांचा पैसा या इमारतीत ओतला गेला. भायखळ्याला व्हिक्टोरिया गार्डन आधी उघडलं, तेच आपल्या तोंडी राणीचा बाग झालं. त्याला लागूनच २ मे १८७२ रोजी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम सुरू झालं. १९७५ मध्ये त्याला भाऊ दाजींचं नाव मिळालं. आज तिथे नाना शंकरशेट आणि भाऊ दाजींची नावं नुसती वाचून पुढे जाणाऱ्यांनी क्षणभर थांबावं असं मला मनापासून वाटतं.

आत गेल्यावर आधी डोळे वर जातात. इंग्लंडहून आणलेले बिडाचे खांब, फिकट हिरवा रंग, त्यावर सोन्याचं काम आणि पायाखाली रंगीत फरश्या. पण खरं पाहायचं ते काचेच्या कपाटांत आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जे. जे. स्कूलचे प्राचार्य सेसिल बर्न्स इथले क्युरेटरही होते. त्या काळात मातीच्या छोट्या छोट्या बाहुल्या आणि देखावे करवून घेतले गेले. मुंबईत राहणारे निरनिराळे लोक, त्यांचे पोशाख, डोक्यावरची पागोटी, हातातले धंदे. मालाची यादी म्हणून जन्मलेल्या जागेत माणसं आली. गावाकडून आलेली बाई त्या कपाटापुढे उभी राहते आणि आपल्यासारखं लुगडं नेसलेली बाहुली शोधते. तिला व्यापाराच्या नमुन्यांशी काही देणंघेणं नाही. गर्दी टिकली ती या ओळखीवर.

बाग शेजारी असल्याचाही मोठा फायदा झाला. पोरांना वाघ बघायचा असतो, मोठ्यांना झाडाखाली डबा सोडायचा असतो आणि त्यातच म्युझियमही होऊन जातं. मद्रासचं जिवंत कॉलेज आणि मुंबईचा राणीचा बाग, दोन्हींची युक्ती एकच. रेल्वे आल्यावर तर मुंबई एका दिवसाच्या टप्प्यात आली.

फोर्टातल्या मोठ्या म्युझियमची कोनशिला ११ नोव्हेंबर १९०५ रोजी इंग्लंडच्या युवराजांच्या हस्ते बसली. आराखडा जॉर्ज विटेटचा, घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून सुचलेला. आतली लाकडी कमानीची रचना नाशिकच्या एका वाड्यातून विकत आणलेली आहे. वर बघत चालणाऱ्यांच्या ती नजरेतून सुटते. इमारत १९१४ ला तयार झाली, पण महायुद्धात तिथे लष्करी इस्पितळ चाललं आणि लोकांना प्रवेश मिळाला तो १० जानेवारी १९२२ ला. १९९८ मध्ये त्याचं नाव छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय झालं.

याच सुमारास संग्रहालय हे फक्त सरकारचं काम राहिलं नाही. बडोद्याला सयाजीरावांनी स्वतःचं संग्रहालय उभारलं, सातारा जिल्ह्यातल्या औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी यमाईच्या डोंगरावर. पुण्यात दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास दिवे, अडकित्ते, दारं, भांडी गोळा करायला घेतली आणि अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने तो संग्रह लोकांना देऊन टाकला.

दिल्लीची गोष्ट तर स्वातंत्र्याशीच जोडलेली आहे. १९४७-४८ च्या हिवाळ्यात लंडनला भारतीय कलेचं प्रदर्शन भरलं. त्यासाठी देशभरातून मूर्ती, चित्रं, नाणी गेली होती. ती परत आल्यावर राष्ट्रपती भवनात मांडली आणि मग त्या आपापल्या गावी पाठवण्याऐवजी एकत्र ठेवून राष्ट्रीय संग्रहालय करायचं ठरलं. १५ ऑगस्ट १९४९ ला ते उघडलं, जनपथावरची इमारत १९६० मध्ये झाली. मोहेंजोदडोची नर्तकी तिथे पाहताना पहिल्यांदा जाणाऱ्याला दचकायला होतं. पाठ्यपुस्तकात पानभर दिसणारी ती मूर्ती वितीपेक्षाही लहान आहे.

मुंबईत फिरायला येणाऱ्यांना मी एक गोष्ट हमखास सांगते. गेटवेवरून लाँच पकडून घारापुरीला जायच्या आधी भायखळ्याला जा. पोर्तुगिजांनी बेटाला 'एलिफंटा' म्हटलं ते किनाऱ्याजवळच्या एका काळ्या दगडी हत्तीमुळे. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायला उचलला, तेव्हा क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे राणीच्या बागेत आणून पडले होते, १९१४ मध्ये पुन्हा सांधले गेले. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर तो अजून उभा आहे. जवळ गेलात तर सांध्यांच्या रेघा दिसतात.