सैल, अंगभर आणि मर्दानी वळणाचे कपडे शिवून घेण्यापूर्वी : ग्राहक भगिनींसाठी माहितीपत्रक

गेल्या काही वर्षांत बेळगावच्या शहापूर भागातील आमच्या दुकानात महिला ग्राहकांकडून दोन प्रकारची मागणी वाढत चालली आहे. काही भगिनींना बंद गळ्याचे, लांब बाह्यांचे, गुडघ्याखाली उतरणारे आणि अंगाला न चिकटणारे कपडे हवे असतात. काही जणींना वडिलांच्या किंवा भावाच्या कपाटात शोभेल असा कॉलरचा सैल शर्ट, कमरेला प्लेट्स घातलेली रुंद पँट, जाकीट किंवा सरळ कोट हवा असतो. दोन्हींचा उगम वेगळा आणि मागणाऱ्यांची कारणेही वेगळी, परंतु कापडावर खडू ओढायची वेळ आली की दोन्हींत प्रश्न एकच उभा राहतो. कापड अंगापासून दूर तर ठेवायचे, पण ते अंगावर लोंबता कामा नये. नुसते मोठे माप घेऊन हे साधत नाही. सैलपणा कुठे द्यायचा आणि कुठे अजिबात द्यायचा नाही, यावरच असा कपडा जमतो किंवा बिघडतो. कापड विकत घेण्यापूर्वीच ही माहिती आपल्या हाती असावी, म्हणून हे पत्रक काढले आहे.

आरंभीच एक गोष्ट नमूद करतो. अंग किती झाकावे, केस झाकावेत की नाही, मुलीने पँट घालावी की नाही, याविषयी आमचे दुकान कोणालाही सल्ला देत नाही. आमच्याकडे सर्व धर्मांच्या आणि सर्व वयांच्या ग्राहक येतात. कोणी श्रद्धेने अंगभर कपडा मागते, कोणी उन्हासाठी, तर कोणी केवळ मोकळे वाटावे म्हणून. जी घालणार तिने ठरवावे आणि ते नीट शिवून देणे एवढे काम आमचे, असे आम्ही मानतो. माप देताना आई, सासू किंवा मैत्रीण सोबत असणे चांगलेच. मात्र लांबी, गळा आणि घेर यांविषयीचा शेवटचा शब्द आम्ही घालणारीकडूनच घेतो.

ही वळणे आली कुठून

पुरुषी वळणाचा कपडा स्त्रियांसाठी नवा नाही. पॅरिसमध्ये कोको शॅनेल यांनी १९१० च्या दशकात जर्सीचे विणलेले कापड स्त्रियांच्या कपड्यांना वापरले, जे तोवर मुख्यतः पुरुषांच्या अंतर्वस्त्रांना वापरले जात असे. १९३० च्या एका चित्रपटात मार्लीन डीट्रिख या अभिनेत्रीने पुरुषांचा काळा कोट-पँट घातला, त्याची चर्चा जगभर झाली. १९६६ मध्ये इव्ह सँ लोराँ यांनी पुरुषांचा समारंभाचा काळा सूट स्त्रियांच्या मापाने बेतून ‘ल स्मोकिंग’ या नावाने बाजारात आणला. त्यानंतर इटलीच्या जॉर्जिओ अरमानी यांनी १९७० च्या दशकात कोटातील जाड भरण आणि ताठ अस्तर काढून टाकून तो अंगावर मऊ पडेल असा केला. आज आपण ज्याला सैल कोट म्हणतो त्याची घडण तिथून आली आहे. ज्या पॅरिसमध्ये हे बरेचसे घडले, तेथे १८०० सालापासून स्त्रियांना पँट घालण्यासाठी पोलिसांची परवानगी घ्यावी लागेल असा हुकूम कागदोपत्री होता, आणि तो निरर्थक असल्याचे तेथील सरकारने २०१३ मध्ये जाहीर केले.

अंगभर कपड्यांची मागणी जगात पूर्वीपासूनच होती, पण मोठ्या कंपन्यांनी ती उशिरा ओळखली. डोल्चे अँड गबाना यांनी २०१६ मध्ये अबाया (अंगभर सैल झगा) आणि हिजाब यांची मालिका काढली, नाइकीने २०१७ मध्ये खेळाडूंसाठी हिजाब आणला, आणि २०१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या डी यंग संग्रहालयात मुस्लिम स्त्रियांच्या आधुनिक पोशाखांचे प्रदर्शन भरले. आपल्या भागात मात्र अंगभर असूनही पाय मोकळे ठेवणारा पोशाख कोणी शिकवावा लागला नाही. काष्टा घातलेली नऊवारी नेसून आपल्या आज्यांनी रोपलावणी केली, विहिरीचे पाणी ओढले. पुरुषांचा जुना सदरा, बंडी, बाराबंदी हेही याच मातीतले. त्यांच्या कापात आजच्या सैल फॅशनला लागणारे बरेच काही आधीच आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

भावाचा शर्ट बहिणीला का बसत नाही

पुष्कळ ग्राहक घरातला पुरुषी शर्ट आणून ‘एवढा फक्त लहान करून द्या’ असे सांगतात. हे काम आम्ही शक्यतो घेत नाही, आणि त्याचे कारण आपल्याला कळणे आवश्यक आहे. पुरुषाच्या शर्टाचा खांदा रुंद असतो, मुंढा (बाही जोडण्याची जागा) खोल असतो आणि पुढच्या भागाला टक्स (आकार देण्यासाठी शिवलेल्या चिमट्या) नसतात. स्त्रीच्या अंगावर तो घातला की छातीवरून जाणारे कापड पुढचा घेर वर ओढते, दोन बटणांच्या मधली पट्टी फाकते, कॉलर मानेपासून सुटते आणि कफ तळहातावर येतो. बाजूने कितीही कापड मारले तरी यांतला एकही दोष जात नाही, कारण दोष रुंदीत नसून पुढच्या भागाच्या लांबीत आणि खांद्यात असतो.

म्हणून आम्ही असा शर्ट पहिल्यापासून आपल्या मापाने बेततो. टक्स उघड घातले तर पुरुषी वळण हरवते, तेव्हा ते खांद्याच्या जोडपट्टीखालच्या शिवणीत लपवतो किंवा तेथे बारीक चुण्या घालतो. पुढचा भाग मागच्यापेक्षा किंचित लांब कापतो, म्हणजे घातल्यावर दोन्ही कडा एका रेषेत येतात. छातीच्या उंचीवर, दोन दिसणाऱ्या बटणांच्या मध्ये, आतून एक चपटे बटण लावतो. बसमध्ये किंवा खुर्चीत वाकताना पट्टी फाकू नये यासाठी त्याचा फार उपयोग होतो. पाठीला मध्यभागी एक प्लेट ठेवली की खांदे आवळत नाहीत. पुरुषांच्या शर्टाची बटणे घालणाऱ्याच्या उजव्या बाजूला असतात आणि स्त्रियांच्या शर्टाची डाव्या. आपल्याला कोणती हवीत ते माप देतानाच सांगावे, कारण काजे पडल्यावर बदल होत नाही.

नेहमीच्या मापाच्या शर्टाला छातीच्या मापावर साधारण ४ इंच सैलपणा पुरतो, सैल शर्टाला ६ ते ८ इंच लागतो. त्याहून अधिक हवा असल्यास खांदा उतरता ठेवणेच योग्य ठरते, अन्यथा सगळे कापड बगलेत गोळा होते.

हात वर केल्यावर काय होते

अंगभर कपडा शिवताना सर्वांत जास्त चुका येथे होतात, म्हणून हा भाग कृपया सावकाश वाचावा. खानापूरकडील एका शिक्षिका ग्राहकांनी अन्यत्र शिवलेला, गुडघ्याखाली येणारा लांब कुर्ता आमच्याकडे आणला. उभे राहिल्यावर तो निर्दोष दिसत होता, परंतु फळ्याच्या वरच्या भागावर लिहायला हात उचलला की संपूर्ण कुर्ता वर चढत असे आणि बाजूच्या कटांतून सलवारीचा नेफा दिसत असे. लांबी आणखी वाढवावी असा त्यांचा आग्रह होता. आम्ही लांबीला हात लावला नाही. त्या कुर्त्याचा मुंढा सैल वाटावा म्हणून खोल कापला होता आणि त्यावर उंच गोलाची (खांद्याशी जोडला जाणारा वरचा गोलाकार भाग उंच असलेली) बाही बसवली होती. अशी बाही हात खाली असतानाच नीट पडते आणि हात उचलला की अख्खा कपडा स्वतःबरोबर ओढून नेते. बगलेत चौकोनी तुकडा, म्हणजे जुने कारागीर ज्याला चौबगला म्हणतात तो, घातल्यावर तोच कुर्ता जागच्या जागी राहू लागला.

जुन्या सदऱ्याला आणि अंगरख्याला असा चौबगला असे. मुंढा बगलेच्या जवळ ठेवावा, बाहीचा गोल बसका करावा आणि दंडाला रुंदी द्यावी, म्हणजे बाही दिसायलाही सैल आणि हालचालीलाही मोकळी होते. खोल मुंढा केवळ उभे राहून फोटो काढण्यापुरता शोभतो, असे आमचे अनुभवाचे मत आहे.

मनगटाशी बाही फार रुंद असेल तर भाकरी करताना ती परातीत जाते आणि गॅसजवळ धोक्याची ठरते. लांब बाही मागणाऱ्या भगिनींना आम्ही बटणाचा कफ सुचवतो, म्हणजे कामाच्या वेळी बाही कोपरापर्यंत दुमडता येते आणि एरवी मनगट झाकलेले राहते.

पँट, दुचाकी आणि आपला पाऊस

पुरुषी वळणाच्या पँटेचे माप उभे राहून घेणे पुरेसे नाही. आमच्याकडे आसनाचे (कमरेपासून बैठकीपर्यंतचे) माप आपल्याला खुर्चीवर बसवून घेतले जाते, कारण बसल्यावर मागचा भाग खाली ओढला जातो आणि मागचे आसन पुढच्यापेक्षा जास्त ठेवावे लागते. कमर उंच, पुढे दोन प्लेट्स आणि मांडीपासून सरळ खाली उतरणारा पाय असा काप भरल्या अंगालाही चांगला दिसतो. खिसे खरे असतात, आणि मोबाइल पूर्ण आत जाईल एवढी त्यांची खोली असते. तयार कपड्यांतील उथळ खिशांविषयी आपली तक्रार आम्ही रोज ऐकतो.

बेळगावात आणि त्याहून अधिक खानापूर भागात जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस उसंत देत नाही. जमिनीवर लोळणारी रुंद पँट या दिवसांत पोटरीपर्यंत तांबड्या चिखलाने माखते, आणि दुचाकीवर तिची कड चाकात किंवा स्टँडमध्ये अडकण्याचा धोका असतो. रोज स्कूटर चालवणाऱ्या ग्राहकांनी पायाची लांबी घोट्याच्या वर ठेवावी असे आम्ही आवर्जून सांगतो. सुट्या ओढणीचाही तोच प्रश्न आहे. ओढणीऐवजी उंच कॉलर, गळ्याशी शिवूनच टाकलेला पट्टा किंवा वरून घालायचे जाकीट घेतल्यास अंग झाकले जाते आणि चाकाची भीती राहत नाही. कोटाला पूर्ण अस्तर लावले तर तो पावसाळ्यात चार दिवस वाळत नाही, म्हणून आम्ही फक्त पाठीच्या वरच्या भागाला आणि बाह्यांना अस्तर लावतो.

कापड कोणते घ्यावे

अंगभर कपड्यासाठी कापड निवडताना ते दुकानातच उजेडाकडे धरून त्याखाली आपला हात ठेवून पाहावा. बोटे वेगवेगळी दिसली तर त्या कापडाला अस्तर लागेल आणि खर्च वाढेल. पांढऱ्या व फिक्या रंगांत ही अडचण नेहमी येते. तेथे मलमलचे सुटे अस्तर बरे, कारण ते वेगळे धुता येते आणि लवकर वाळते. मार्च ते मे महिन्यांत पॉलिस्टर सूटिंगचा कोट घेऊ नये, मग त्याचा रंग कितीही आवडो.

आपल्या परिसरातच यासाठी उत्तम कापड मिळते. बेळगावजवळच्या हुदली गावात, जेथे १९३७ मध्ये गांधीजी आले होते, खादीचे काम आजही चालते. जाड सुताची खादी सरळ कोटाला आणि जाकिटाला अप्रतिम पडते. गुळेदगुड्डचा खण आपल्याला चोळीमुळे परिचित आहे. त्याचा पन्हा अरुंद असल्याने पूर्ण शर्ट त्यात बसत नाही, परंतु कॉलर, कफ, खांद्याची जोडपट्टी आणि जाकिटाचे पुढचे भाग त्यातून सुंदर निघतात. आजीच्या इरकल साडीतून लांब कोट करण्याची विनंतीही येते. इरकलचे अंग आणि पदर वेगळ्या ताण्यांचे (उभ्या धाग्यांचे) असून फासे अडकवून जोडलेले असतात. तो जोड मुंढ्यात किंवा कमरेच्या शिवणीत आला तर ताणाने सुटतो, म्हणून आम्ही तो कोटाच्या खालच्या घेरात, जेथे ओढ बसत नाही, तेथेच ठेवतो. साडी विरलेली असेल तर आम्ही तसे स्पष्ट सांगतो आणि कापत नाही.

४४ इंची पन्ह्याच्या कापडात कुल्ल्यापर्यंतचा पूर्ण बाह्यांचा सैल शर्ट साधारण अडीच मीटरमध्ये होतो, आणि ५८ इंची पन्ह्यात रुंद पायाच्या पँटेला दीड मीटर लागते. चौकटी किंवा मोठ्या रेघांचे कापड असल्यास रेघा जुळवण्यासाठी पाव मीटर जास्त आणावे. सुती कापड, खादी आणि रेयॉन रात्रभर पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून मगच आमच्याकडे द्यावे. शिवल्यानंतर आटलेला कपडा पुन्हा मूळ मापाचा करता येत नाही.

माप, ट्रायल आणि मुदत

मापे आमच्याकडे महिला कारागीरच घेतात, आणि त्यासाठी पडदा लावलेली स्वतंत्र खोली आहे. मापाची चिठ्ठी आपण सांगाल त्याप्रमाणे मराठीत किंवा कन्नडमध्ये लिहून तिची एक प्रत आपल्याला दिली जाते. माप देताना त्या कपड्यावर घालणार असलेले पायताण आणि आतले कपडे घालून यावे, कारण पँटेची लांबी आणि छातीचे माप त्यांवर ठरते. आतल्या शिवणीत आम्ही एक इंचाची माया ठेवतो, त्यामुळे पुढे अंग भरल्यास कपडा उसवून वाढवता येतो.

ट्रायलसाठी शक्यतो बहिणीला किंवा मुलीला न पाठवता स्वतः यावे. आरशासमोर उभे राहून पाहणे पुरेसे नाही. दोन्ही हात वर करावेत, खाली बसून उठावे, वाकून चप्पल घालून पाहावी आणि दुकानासमोर गाडी उभी असेल तर तिच्यावर बसूनही पाहावे. जेथे ओढ वाटेल तेथे तिथल्या तिथे खडूने खूण केली जाते, आणि त्या दुरुस्तीचे वेगळे पैसे घेतले जात नाहीत. पुरुषी वळणाच्या शर्टाची आणि पँटेची शिलाई साध्या कुर्त्यापेक्षा जास्त पडते, कारण कॉलर, बटणपट्टी, कफ आणि खिसे यांना वेळ लागतो. दर कापड स्वीकारतानाच चिठ्ठीवर लिहून दिला जाईल. गणेशोत्सव, दिवाळी आणि लग्नसराईच्या आधी कामाची गर्दी होते, तेव्हा त्या सुमाराचे कपडे किमान महिनाभर आधी टाकावेत. उरलेले कापड आणि जास्तीची बटणे कपड्याबरोबर परत मिळतात; ती मोजून घ्यावीत आणि नंतरच्या दुरुस्तीसाठी जपून ठेवावीत.