क्लेम केला म्हणून पॉलिसी बंद होत नाही

नौपाड्यातल्या आमच्या शेजारच्या काकूंनी डेंग्यूचं हॉस्पिटलचं बिल एफडी मोडून भरलं. पॉलिसी कपाटातच होती. "क्लेम घेतला की पुढच्या वर्षी रिन्यू करत नाहीत," असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. ऐकून जीव कळवळला, कारण हे साफ खोटं आहे.

विमा नियामक आयआरडीएआयचा नियम स्पष्ट आहे: आधी क्लेम घेतले, एवढ्या कारणावरून कंपनीला आरोग्य विम्याचं नूतनीकरण नाकारता येत नाही. फसवणूक केली, किंवा जुना आजार लपवला, तर मात्र येतं. म्हणून फॉर्म एजंटवर सोडू नका. मधुमेह, बीपी, झालेलं ऑपरेशन, सगळं स्वतः लिहा. सलग ६० महिने पॉलिसी चालली, की माहिती दडवल्याचं कारणही पुढे करता येत नाही, सिद्ध झालेली फसवणूक सोडून.

पॉलिसी खरी बंद पडते ती बहुतेकदा आपल्याच हातून, तारीख चुकल्यामुळे. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते. त्यात पैसे भरले तर प्रतीक्षा कालावधी, म्हणजे काही आजारांना संरक्षण सुरू होण्याआधी थांबावी लागणारी मुदत, पुन्हा पहिल्यापासून मोजली जात नाही, पण मधल्या दिवसांत आजारपण आलं तर संरक्षण नसतं. हे फार थोड्यांना माहीत असतं.

तरीही कंपनीने नकार दिलाच, तर कारण लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा, मग विमा लोकपालांकडे. तिथे तक्रारीला पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही.

काकूंची फाइल काल आम्ही दोघींनी मिळून उघडली. नूतनीकरणाच्या तारखेवर लाल पेनाने गोल केला.