शार्ल सहाव्याच्या वेडाचे लघुचित्र (फ्रवासारची ग्रूटहूझ प्रत)

फ्रान्सचा राजा सहावा शार्ल (१३६८–१४२२; कार. १३८०–१४२२) याला ५ ऑगस्ट १३९२ रोजी ल मां नगराजवळच्या अरण्यात आलेला वेडाचा पहिला मोठा झटका दाखविणारे हस्तलिखितचित्र. चौदाव्या शतकातील फ्रेंच इतिवृत्तकार झां फ्रवासार याच्या इतिवृत्ताची ही चार खंडांची प्रत ब्रूज येथील सरदार लोडवेक व्हान ग्रूटहूझ याने करवून घेतली. ती पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात असून (फ्रेंच हस्तलिखिते क्र. २६४३–२६४६) प्रस्तुत चित्र तिच्या चौथ्या खंडात आहे.

प्रतीचा काळ सर्वसाधारणपणे इ. स. सु. १४७०–७५ असा मानतात. चित्रकाराचा प्रश्न अधिक बिकट आहे. लघुचित्रांवर स्वाक्षऱ्या नाहीत आणि चार खंडांत एकाहून अधिक हात दिसतात. चौथ्या खंडातील चित्रे पूर्वी फिलीप द माझरोल याच्या नावावर घालत असत. तो बर्गंडीचा ड्यूक शार्ल द बोल्ड याच्या पदरी होता, हे कागदपत्रांवरून ज्ञात आहे. पण निरनिराळ्या अभ्यासकांनी या एकाच नावाशी परस्परांहून भिन्न शैलींचे चित्रगट जोडले आहेत. त्यामुळे ‘बर्गंडीच्या अँटनीचा चित्रकार’ यासारखे संकेतनाव (खरे नाव अज्ञात असलेल्या चित्रकाराला अभ्यासकांनी दिलेले नाव) वापरणेच अधिक सुरक्षित वाटते.

चित्राचा आधार फ्रवासारचा मजकूर हाच होय, कारण प्रसंग व चित्र यांत सुमारे ऐंशी वर्षांचे अंतर आहे. सेनापती ऑलिव्हिए द क्लिसाँ याच्यावर मारेकरी घालणारा पिएर द क्राँ ब्रिटनीच्या (फ्रान्सच्या वायव्येकडील डची) आश्रयाला गेला, या समजुतीने राजा तिकडे स्वारीवर निघाला होता. वाटेत एका फाटक्या वेशातील माणसाने घोड्याचा लगाम धरून पुढे दगा असल्याचे ओरडून सांगितले. कडक उन्हात काळ्या मखमलीचा अंगरखा घालून राजा पुढे जात असता डुलकी लागलेल्या एका हुजऱ्याच्या हातून भाला निसटला आणि तो दुसऱ्याच्या शिरस्त्राणावर आदळला. त्या खणखणाटासरशी राजाने तलवार उपसून स्वतःच्याच माणसांवर चाल केली. सख्खा भाऊ लुई द ऑर्लेआँ यालाही पळावे लागले. अखेर गीयोम मार्तेल या सरदाराने राजाला मागून मिठी घालून आवरले. मृतांविषयी मात्र साधनांत मतभेद आहेत. सँ-दनी मठातील इतिवृत्तकार काही जण मारले गेल्याचे सांगतो, आणि तो राजदरबाराच्या अधिक जवळचा असल्याने या बाबतीत त्याचे म्हणणे ग्राह्य धरण्याकडे कल आहे.

चित्रकाराने निवडला तो तलवारीचा क्षण, म्हणजे आजाराचा जो भाग कृतीतून दिसू शकतो तेवढाच. पुढील तीस वर्षांतील अवस्था अशा एका प्रसंगात मावणारी नव्हती: आपले नाव शार्ल नाही असे राजाचे सांगणे, राणीला न ओळखणे, किंवा आपण काचेचे आहोत अशी धारणा. यांपैकी शेवटची गोष्ट पोप दुसरा पायस याच्या नंतरच्या लेखनातून येते, म्हणून तिचे वजन कमी धरावे. छिन्नमनस्कता (स्किझोफ्रेनिया), द्विध्रुवी विकार इ. आधुनिक निदाने सुचविली गेली आहेत. तथापि युद्धदृश्यांच्या ठरीव साच्यात काढलेल्या चित्रावरून त्यांपैकी कशालाही पुष्टी मिळत नाही.

याच खंडात २८ जानेवारी १३९३ च्या नृत्यप्रसंगाचेही चित्र आहे. राजासह रानमाणसांची सोंगे घेतलेल्या नर्तकांच्या वेशांनी मशालीमुळे पेट घेतला, चौघे दगावले आणि बेरीच्या तरुण डचेसने आपल्या झग्याचा घोळ पांघरून राजाला वाचविले. त्या प्रसंगाचे अधिक प्रसिद्ध चित्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील हार्ली ४३८० या प्रतीत आहे.

ग्रूटहूझचा ग्रंथसंग्रह पुढे फ्रान्सचा राजा बारावा लुई याच्याकडे गेला व त्यातील ग्रंथांवरील मूळ कुलचिन्हांवर राजचिन्हे रंगविण्यात आली. हा बारावा लुई म्हणजे ल मांच्या अरण्यात तलवारीपुढून पळालेल्या लुई द ऑर्लेआँचा नातू होय.